ढोलपथकातला दादा आणि रात्रीचे मेसेज

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. यंदा मैत्रिणींच्या नादाने तिने ढोलपथकात नाव घातलं. ताशा शिकवणारा तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे, सगळे त्याला दादाच म्हणतात. सुरुवातीला तो सरावाची वेळ कळवायचा. आता रात्री साडेदहा-अकराला ‘जेवलीस का’, ‘आज गप्प का होतीस’, ‘तुझा हात बाकीच्यांपेक्षा छान बसतो’ असे मेसेज येतात. वाईट म्हणावं असं एकही वाक्य नाही. दोनदा त्याने तिला गाडीवरून घरी सोडलं. ती म्हणते, ‘आई, दादा तसा नाही.’ हे म्हणतात, फोन काढून घे आणि पथक बंद कर. शेजारच्या काकू म्हणतात, एक ॲप मिळतं, ते टाकलं की सगळं दिसतं. मला एवढंच सांगा, हा मुलगा खरंच तसा नाही हे ओळखायचं कसं? धाकटा मुलगा क्रिकेटच्या कोचिंगला जातो, पण मुलगाच असल्यामुळे त्याची तेवढी काळजी वाटत नाही.
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुमची अडचण अशी आहे की मेसेजमध्ये बोट ठेवावं असं काही नाही, आणि तरी मन खातंय. काही वाईट दिसलं असतं तर तुम्ही पत्र लिहीत बसला नसता, सरळ पथकप्रमुखाला गाठलं असतं. म्हणजे तुम्हाला विचारायचंय ते हे, की काही घडण्याआधी माणूस ओळखता येतो का? सरळ उत्तर : नाही येत. तुम्हाला नाही, मला नाही आणि तुमच्या मुलीलाही नाही. पण त्यावाचून फारसं अडत नाही. ते कसं, हे सांगण्याआधी एक गैरसमज दूर करू.

मुलांना धोका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अनोळखी माणूस येतो. पूर्वी तो चॉकलेट देणारा असे, आता खोट्या नावाने फ्रेंड रिक्वेस्ट पाठवणारा असतो. असे लोक आहेतच. पण केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून २००७ मध्ये एक अहवाल काढला, त्यात लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले निघाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असतं. ओळखीची माणसं जास्त वाईट असतात, असा याचा अर्थ नव्हे. अनोळख्याला मुलापर्यंत पोचायला खटपट करावी लागते, ओळखीच्याला ती करावी लागत नाही. मूल त्याचं ऐकतं. आणि मुलाने तक्रार केलीच, तर घरचे आधी म्हणतात, ‘अगं, तो तसा नाही.’

इंटरनेटवरचा अनोळखीसुद्धा काम साधतो ते आधी ओळखीचा होऊनच. गेमच्या चॅटमध्ये तो आधी दोन-चार डाव जिंकून देतो, मग शाळेची चौकशी करतो, मग ‘तुला घरी कुणी समजून घेत नाही’ म्हणतो. मैदानावर आणि फोनवर वाट एकच असते. भरपूर कौतुक, मग बाकीच्यांपेक्षा वेगळी वागणूक, मग एखादं बारीकसं गुपित : ‘हे आईला नको सांगूस, उगाच चिडेल.’ ते गुपित तसं क्षुल्लकच असतं. पण मुलाने ते पोटात ठेवलं, की पुढचंही ठेवील, हे त्या माणसाला कळतं. आणि मुलाला वाटू लागतं, आता सांगितलं तर आधीचंही सांगावं लागेल. पूर्वी या सगळ्यासाठी एकांत शोधावा लागे. आता रात्री अकराला मुलीच्या उशाशी फोन असतो, आणि त्यात माणूस असतो.

आता दुसरी बाजू. तेवीस वर्षांच्या चांगल्या मुलालाही हाताखालच्या पोरांचा आपण लाडका दादा आहोत याचं अप्रूप असतं. नोकरी लागलेली नसते, सगळा जीव पथकात गुंतलेला असतो, रात्री झोप येत नाही, मग दहा जणांना ‘जेवलास का’ पाठवून होतं. त्याच्या मनात काहीही नसेल. गंमत अशी की या दोघांचे पहिले वीस मेसेज शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही. उलट, ज्याचा हेतू वाईट आहे तो जास्त अदबीने लिहील. तेव्हा मेसेजमधून स्वभाव वाचायचा नाद सोडा, आणि या बोलण्याची मांडणी कशी आहे ते पाहा. वेळ कोणती, बोलणं एकाशी चाललंय की सगळ्यांशी, आणि तिसऱ्या कुणाला ते दिसतंय का? तुमच्या पत्रातली काळजी वाटण्याजोगी गोष्ट ‘जेवलीस का’ ही नाही. रात्रीचे अकरा, दोघांचंच चॅट आणि दोघांचीच गाडी, ही आहे.

माणूस पारखण्यापेक्षा मांडणी पारखावी, हे शहाणपण फार महागात पडून आलेलं आहे. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संघटनेने आपल्या नको त्या स्वयंसेवकांच्या गुप्त फायली अनेक दशकं जपून ठेवल्या होत्या. २०१२ मध्ये ऑरेगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्यांतल्या १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून अधिक फायली लोकांसमोर आल्या. ज्यांच्यावर मुलांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप होते त्यांत गावातली मान असलेली, देवधर्म करणारी, मुलांची आवडती माणसं होती. कित्येक प्रकरणं पोलिसांपर्यंत गेलीच नाहीत, आणि एका तुकडीतून काढलेला माणूस दुसऱ्या गावच्या तुकडीत पुन्हा उभा राहिला, असंही घडलं. २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ऐंशी हजारांहून जास्त लोकांनी भरपाईचे दावे लावले. चांगली माणसं निवडू, हा त्यांचा भरवसा अशा रीतीने कोसळला. आता तिथे नियम आहे की कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन जबाबदार मोठी माणसं हवीत, आणि एकट्या मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसाने असू नये. हा नियम मेसेजलाही लागू आहे : मुलाला काही लिहायचं तर त्यात दुसरं मोठं माणूस हवंच.

नुसतं हजर राहून भागत नाही, हे दुसऱ्या एका प्रकरणाने शिकवलं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये शिक्षा झाली. उपचाराच्या नावाखाली त्याने शेकडो मुलींवर अत्याचार केले होते, आणि कित्येकदा मुलीची आई त्याच खोलीत बसलेली होती. तो असा उभा राहायचा की आईला त्याचे हात दिसू नयेत. तिथल्या खेळाडूंच्या सुरक्षेसाठीच्या सेफस्पोर्ट नावाच्या केंद्राने त्या धक्क्यानंतर नियम केला की प्रशिक्षक आणि अल्पवयीन खेळाडू यांचा संबंध इतरांना दिसेल आणि मध्येच कुणी जाऊन थांबवू शकेल, असाच असला पाहिजे. दिसेल आणि थांबवता येईल, एवढे दोनच निकष. मला हा नियम आवडतो, कारण त्यात कुणाच्याही चारित्र्यावर शिंतोडा नाही. रात्री दाराला कडी लावताना शेजारी चोर आहेत असं काही आपण म्हणत नाही.

हे दोन निकष आता तुमच्या पथकाला लावून पाहा. मुठेच्या पात्रात म्हात्रे पुलाच्या आसपास गणपतीआधी जे सराव चालतात, त्यांची चिंता करायचं फारसं कारण नाही. चारी बाजूंनी उघडा मांडव असतो, पन्नास-शंभर वादक असतात, पुलावर बघ्यांची रांग असते. शिकवणाऱ्याने मनगट धरून ताशावर काडी कशी पडली पाहिजे हे दाखवलं, तर ते सगळ्यांच्या देखत चाललेलं असतं. न पटणाऱ्याला तिथल्या तिथे बोलता येतं. प्रश्न असतो तो सरावाच्या आधीचा आणि नंतरचा. ढोल ताणायला दोघंच लवकर येतात का? ढोल ठेवायच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, आणि आवराआवरीला शेवटी कोण थांबतं? बाहेरगावची सुपारी असली तर बसमध्ये मुलींबरोबर कोण असतं, परतायला उशीर झाला तर कुणाकडे मुक्काम होतो? मिरवणुकीच्या दिवशी कपडे बदलायची सोय कुठे आहे? टिळक रस्त्यावर पथक तासन् तास थांबून राहतं, तेव्हा पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जायला मुली दोघी-तिघी मिळून जातात ना? पावसाळ्यातला ट्रेक असो, शाळेचं शिबिर असो की एकांकिकेची तालीम, हेच प्रश्न तिथेही विचारायचे. पाच मिनिटांत कळतं, आयोजकांनी याचा विचार केलाय की नाही.

गाडीवरून सोडण्याचं म्हणाल, तर ते आजपासून थांबवा. त्यासाठी भांडण करायची गरज नाही. एकाच बाजूला राहणाऱ्या तीन मुली एकत्र रिक्षाने येतील, किंवा पालकांनी आळीपाळीने आणायला जायचं. या व्यवस्थेला आळशीपणाखेरीज कुणाचाच विरोध नसतो.

पथकप्रमुखांशी बोलताना दादाचं नाव घेऊ नका. नाव घेतलंत की ते त्याची बाजू सांभाळण्यात गुंततील, आणि गोष्ट मुलीपर्यंत वेगळ्याच रूपात पोचेल. असं म्हणा : ‘अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सरावाबाबत जे काही कळवायचं ते ग्रुपवर कळवावं, ग्रुपमध्ये एका पालकाला घ्यावं, आणि लहानांची जबाबदारी एका ताईंकडे आणि एका दादांकडे मिळून द्यावी.’ ग्रुपवर एका निरोपाला चाळीस ‘ओके दादा’ आणि तेवढेच अंगठे येतात हे मला माहीत आहे. तो त्रास सोसायचा. समंजस पथकप्रमुख हे लगेच मानेल, कारण उद्या काही झालं तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाणार आहे. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं, तर मात्र ते पथक लहानांसाठी तयार नाही असं समजा.

दादालाही सांगायचं, आणि ते तुम्हीच सांगा. मुलीच्या तोंडून वदवू नका. एक साधा मेसेज पुरे : ‘दादा, ती रात्री नऊनंतर फोन वापरत नाही. सरावाचं काही असेल तर ग्रुपवर टाका, नाहीतर मला कळवा.’ आणि मग गप्प राहून पाहा. माणूस आधी ओळखता येत नाही असं मी म्हणालो, पण कुंपण घातल्यावर तो थोडाफार कळतो. साधा मुलगा ओशाळेल, ‘सॉरी काकू’ म्हणेल आणि खरंच थांबेल. ज्याचा हेतू वेगळा आहे तो दुसरी वाट काढील : इन्स्टाग्रामवर लिहील, मैत्रिणीच्या फोनवरून निरोप धाडील, किंवा मुलीला म्हणेल, ‘तुझ्या आईचा माझ्यावर विश्वास नाही, तुझाही नाही का?’ यातलं काही झालं, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं. तेव्हा ‘तसा नाही’वर चर्चा करत बसू नका, त्याचा तिच्याशी असलेला संबंध तोडा आणि पथकाला कळवा.

आता मुलीचं. ‘दादा तसा नाही’ या वाक्याला उत्तर देऊ नका. तुम्ही त्याला वाईट म्हणालात की ती त्याची वकील होते, आणि मग पुढचं काही तुमच्या कानावर येत नाही. म्हणा, ‘नसेलही, हा नियम सगळ्यांसाठी आहे, उद्या नवीन ताई आल्या तरी हाच राहील.’ नियम पाळला तर उद्या कुणी दादाबद्दल वेडंवाकडं बोलण्याचाही प्रश्न येत नाही, हेही तिला पटेल. आणि एक पक्कं सांगून ठेवा. वाढदिवसाची भेट लपवणं वेगळं, पण मोठ्या माणसाने ‘घरी सांगू नकोस’ म्हटलं, की ती गोष्ट घरी सांगायचीच, कितीही बारीक असली तरी.

तुमच्या यजमानांचा उपाय समजण्यासारखा आहे. काळजी वाटली की बापाला आधी दार बंद करावंसं वाटतं. पण परिणाम काय होईल? मुलीने स्वतःहून मेसेज दाखवले आणि त्याबदल्यात फोन गेला, पथक गेलं. यातून ती एकच धडा घेईल, की पुन्हा दाखवायचं नाही. अडचणीत सापडलेली मुलं बोलत नाहीत, त्याला ‘फोन काढून घेतील’ ही भीती मोठं कारण असते. तुमची मुलगी आज बोलते आहे, ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तिला आधीच सांगा की खरं सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही, आणि हे वचन पाळा. रात्री सगळ्यांचे फोन, तुमचे दोघांचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचे, हा नियम मात्र जरूर करा. घरातल्या मोठ्यांनी पाळला तर तो टिकतो. वडील अंथरुणात रील पाहत असतील तर दोन दिवसांत बारगळतो.

काकूंच्या ॲपबद्दल. गूगलचं फॅमिली लिंक किंवा आयफोनमधली स्क्रीन टाइमची सोय यांतून किती वेळ फोन पाहिला, कोणती ॲप घेतली हे कळतं, झोपेची वेळ ठरवता येते. व्हॉट्सॲपवर कोण काय बोललं हे त्यांतून दिसत नाही. ते दाखवतो म्हणणारी चोरटी ॲप असतात, पण ती मुलीचं सगळं बोलणं आणि फोटो कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या हवाली करतात, म्हणजे ज्याची भीती तेच आपण पैसे देऊन घरात आणतो. शिवाय पंधरा वर्षांची मुलगी ते शोधून काढतेच, आणि मग दुसरं खातं उघडते. व्हॉट्सॲपचे मेसेज २४ तासांत आपोआप पुसले जातील असं ठरवता येतं, फोटो एकदाच दिसेल असा पाठवता येतो. मागाहून फोन तपासून फार काही हाती लागत नाही, ते यामुळेच.

त्यापेक्षा एका रविवारी तिच्या शेजारी बसून दोन-तीन गोष्टी पाहून घ्या. व्हॉट्सॲपमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, तिथे फक्त ओळखीचे नंबर ठेवा. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांची वेगळी खाती सुरू केली आहेत. ती आपोआप खासगी असतात, न जोडलेल्या माणसाला थेट मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात, आणि सोळा वर्षांखाली हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. चांगली सोय आहे. मात्र मुलाने खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही, आणि तेरा पूर्ण नसताना खातं उघडण्यासाठी पुष्कळ मुलांनी ते टाकलेलं असतं. तुमच्या मुलीचं इन्स्टाग्रामच्या हिशेबाने वय काय आहे, ते आधी बघा. कदाचित ती तेवीसची निघेल.

शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्या, असंही कुणी तुम्हाला सांगेल. पथकाने ती जरूर करावी, पण तिचा आवाका ओळखून. पडताळणीत नोंदलेले गुन्हे दिसतात, आणि असे बहुतेक प्रकार नोंदलेच जात नाहीत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ पासून आहे खरी, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते, तुम्हा-आम्हाला नाही. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा २०२२ चा निर्णय आहे. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या अत्याचार प्रकरणानंतर सीसीटीव्हीची आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचीही सक्ती आली. हे सगळं शाळेसाठी. संध्याकाळी सहानंतर मूल जिथे जातं, ते पथक, क्लास, नाट्यसंस्था, मैदान, तिथे अशी समिती नसते. तिथे समितीचं काम पालकांनाच करावं लागतं.

खरंच काही घडलं तर? इथेही गैरसमज पुष्कळ आहेत. पहिला असा की अंगाला हात लावला तरच गुन्हा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाशी लैंगिक हेतूने फोनवरून किंवा इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधणं, अश्लील काही दाखवणं, फोटोची धमकी देणं हेसुद्धा लैंगिक छळात मोडतं, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरा असा की प्रकरण पथकातल्या पथकात मिटवावं. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पथकाच्या नावाला बट्टा लागेल म्हणून गप्प बसा, असं म्हणणाऱ्याला हे कलम शांतपणे ऐकवा. तिसरा, आणि सगळ्यात जास्त लोकांना अडवणारा गैरसमज म्हणजे पोरीला पोलीस ठाण्यात बसवतील, नाव होईल. कायदा सांगतो की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा, आणि पोलीस गणवेशात नसावेत. मुलाची ओळख जाहीर करणं हा वेगळा गुन्हा आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ठाण्यात हे सगळं जसंच्या तसं घडतं असं मी म्हणणार नाही, पण तुम्हाला ते मागण्याचा हक्क आहे, आणि तो माहीत असला की समोरचाही जपून वागतो.

पुराव्याच्या बाबतीत चांगली माणसं एक चूक हमखास करतात. मुलाचा आक्षेपार्ह फोटो फिरतोय असं कळलं की तो ‘बघा काय चाललंय’ म्हणून मामाला, काकाला, पालकांच्या ग्रुपला पाठवतात. अशी सामग्री पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. फोन आहे तसा ठेवा, काहीही पुसू नका, आणि तो थेट पोलिसांना दाखवा. साध्या गप्पांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट काढून ठेवायला हरकत नाही. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८ आहे. तो १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाला आणि आता देशभर चालतो. मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर मुलांसंबंधीच्या आक्षेपार्ह सामग्रीची तक्रार नाव न देताही करता येते.

शेवटी धाकट्याबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं हेच वाक्य मला सगळ्यात खटकलं. वर सांगितलेल्या २००७ च्या अहवालात, लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून किंचित जास्त मुलगे होते. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, तो याचसाठी. मुलींना आपण निदान चार सूचना देतो. मुलग्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं, आणि ‘तुला कसलं भ्यायचं’ या बोलण्यामुळे झालेलं सांगायला त्याला दुप्पट लाज वाटते. त्यात हल्ली वयात येणाऱ्या मुलग्यांना गाठणारा एक ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे : मुलीच्या नावाचं खातं, दोन दिवस गोड गप्पा, मग व्हिडिओ कॉल किंवा फोटोची मागणी, आणि अर्ध्या तासात ‘पैसे पाठव, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो’. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

त्याला हे पंधरा मिनिटं बसवून सरळ शब्दांत सांगा. असं झालं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, उत्तर देणं बंद करायचं आणि आमच्याकडे यायचं, कुणी ओरडणार नाही. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते. फोटो पसरण्याची भीती असेल तर टेक इट डाउन नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था ती २०२३ पासून चालवते. त्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारखी ठिकाणं तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात. व्हॉट्सॲपच्या बंद गप्पांत ती चालत नाही. आणि त्याच्या कोचिंगच्या ग्रुपवर एकाही पालकाचा नंबर नसेल, तर सरांना सांगून आजच तुमचा नंबर घालून घ्या.